अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि मल प्रत्यारोपण (एफएमटी): भावासाठी माहिती हवी आहे (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी लिहितेय. वय २६, पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असतो. दोन वर्षांपूर्वी शौचातून रक्त पडायला लागलं. मूळव्याध समजून सहा महिने मेडिकलमधून मलम आणून लावत राहिला, घरात चकार शब्द नाही. वजन नऊ किलो उतरलं तेव्हा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं) झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होणारा आजार. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाच्या) गोळ्या आणि थोडे दिवस स्टेरॉइड, एवढ्यावर चांगला सावरला होता.

दिवाळीनंतर ओळखीतल्या एकांनी सांगितलं की पोटातले चांगले जिवाणू परत आले की गोळ्यांची गरजच राहत नाही. प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या, महिन्याला साडेतीन हजारांच्या. त्याने आम्हाला न सांगता गोळ्या सोडल्या. सातव्या आठवड्यात पुन्हा रक्त, दिवसाला दहा-बारा वेळा. धागा तुटला की माग थांबवून सांधावा लागतो, मध्येच उठून गेलं तर कापड बिघडतं. म्हणून कामाच्या दिवशी तो सकाळपासून पोटात काही घालतच नाही. आईने शेंगाचटणी कुटणं बंद केलंय, कारण उखळाचा आवाज आला की हा चप्पल घालून बाहेर जायचा.

आता गोळ्या परत सुरू आहेत, फरक आहे, पण अजून रक्त जातं. रात्री बसून मी जे वाचलं ते इथे मांडते. चुकत असेल तर सांगा.

आपण खाल्लेला चोथा मोठ्या आतड्यातले काही जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. कोलायटिसमध्ये हेच जिवाणू कमी झालेले दिसतात. मग निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडले तर? हेच मल प्रत्यारोपण, म्हणजे एफएमटी. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या परत परत होणाऱ्या संसर्गावर हा उपाय जबरदस्त चालतो. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या अभ्यासात पहिल्याच वेळी १६ पैकी १३ जण बरे झाले. कोलायटिसचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ साली ८१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत खरं प्रत्यारोपण झालेल्यांपैकी २७ टक्के आणि तुलनेसाठी खोटं केलेल्यांपैकी ८ टक्के लोकांचा आजार शांत झाला. म्हणजे उपयोग आहे, पण चारातल्या तिघांना नाही.

मला धरून ठेवलंय ते दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासाने, २०२२ साली छापून आलेल्या. त्यांनी खेड्यातले निरोगी दाते घेतले, आठवड्याला एक असं सात वेळा कोलोनोस्कोपीतून प्रत्यारोपण केलं आणि सोबत दाह कमी करणारा आहार दिला. आठ आठवड्यांनी ३५ पैकी २१ जणांचा आजार शांत होता. नुसत्या औषधांवर होते त्या ३१ पैकी १० जणांचा. आणि हे सौम्य ते मध्यम आजारात, आधीची औषधं चालू ठेवून. मी ते भावाला दोनदा वाचून दाखवलं.

त्या आहारात गव्हासारखी ग्लुटेनची (पीठ चिकट करणाऱ्या प्रथिनाची) धान्यं, दूध, साखर, कारखान्यात बनलेलं खाणं टाळायचं होतं. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या ज्वारी. तिच्यात ग्लुटेन नाही. तरी आम्ही हलकं म्हणून त्याला ब्रेड-बिस्किटं देत होतो, याचं फार वाईट वाटतं. सांगोल्याची आत्या डाळिंबं पाठवते. डाळिंबातल्या घटकांपासून जिवाणू युरोलिथिन नावाचा पदार्थ बनवतात आणि उंदरांमध्ये त्याने आतड्याचं अस्तर सांधतं असं दिसलंय. पण ते बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात, त्यामुळे त्यावर मी आशा लावून बसलेली नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मंगळवेढ्याचा मामा कधी दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याचंच घ्या की. घरीच करू." इंटरनेटवर तशा कृतीही आहेत. मी ठाम नाही म्हटलं. २०१९ साली अमेरिकेत औषधांना दाद न देणारा ई. कोलाय हा जिवाणू दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांत गेला, कारण त्या जंतूसाठी ती तपासलीच नव्हती, त्यातला एक दगावला. दिसायला धडधाकट माणूसही असे जंतू बाळगून असतो. तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये कोलायटिससाठी एफएमटी फक्त संशोधन-चाचणीतच करा असं सांगितलंय.

तर तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातल्या कुणी, कोलायटिससाठी रीतसर एफएमटी घेतलंय का? पुणे-मुंबईकडे चाचणीत नाव कसं घालतात? कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, दिल्लीला न्यायलाही तयार आहे. पण सात आठवड्यांची मजुरी बुडवून न्यावं इतकं ते हाताशी आहे का? आणि रक्त जात असताना ज्वारी चालते का?

प्रतिसाद

ताई, माझ्या बायकोला आठ वर्षं हाच आजार आहे. दिल्लीचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. भाऊ मेसालामाइन फक्त तोंडाने घेतोय का? गोळीसोबत त्याचाच एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध) घेतला तर नुसत्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. हिने लाजेपोटी वर्षभर टाळला, नंतर तीन आठवड्यांत रक्त थांबलं. दुसरं, आजार उसळल्यावर शौचाची तपासणी झाली का? तुम्ही लिहिलेला तो डिफिसिल याच रुग्णांना जास्त गाठतो आणि लक्षणं अगदी सारखीच. सोबत शौचाचीच कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणीही करून घ्या, म्हणजे दाह किती आहे तो आकड्यात कळेल.

ज्वारीचं म्हणाल तर रक्त जात असताना आमच्या आहारतज्ज्ञांनी कडक भाकरी आणि शेंगदाणे बंद ठेवले होते. ज्वारीच्या चाळलेल्या पिठाची पातळ आंबील चालली. रक्त थांबल्यावर हळूहळू मऊ भाकरी. उपाशी मात्र ठेवू नका त्याला.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. एनिमाबद्दल आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, शौचाची तपासणीही झालेली नाही. गुरुवारची वेळ घेतलीय, दोन्ही विचारते. एफएमटी घेतलेलं कुणी असेल तर कृपया लिहाच, धागा मी रोज बघतेय. आज सकाळी भाऊ वाटीभर आंबील पिऊन कामावर गेला. जाताना म्हणाला, "एनिमाचं तू नको विचारू, मी विचारतो."