अनुभव धागा : ड्राइव्हचे कम्युनिकेशन कार्ड आणि गेलेली 'बस'

काल माळा आवरताना प्रोफिबसच्या (कारखान्यातली यंत्रे जोडणारे नेटवर्क, म्हणजेच 'बस') जांभळ्या केबलचा हातभर तुकडा सापडला आणि साखर कारखान्यातली एक रात्र आठवली. ऊस वाहून नेणाऱ्या कॅरियरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण, आम्ही नुकताच कम्युनिकेशन कार्ड बसवून नेटवर्कवर घेतला होता. वेग, करंट, फॉल्टचा क्रमांक असे सगळे दोन तारांवरून पडद्यावर येते, याचे आम्हाला फार कौतुक होते. मध्यरात्री कनेक्टर सैल झाला. ऑपरेटरने पडद्यावरचे स्टॉप चार वेळा दाबले, पण कॅरियर आपल्या ७० टक्के वेगाने निवांत चालत राहिला, कारण संपर्क तुटल्यास काय करायचे या पॅरामीटरमध्ये मीच 'शेवटचा वेग कायम ठेवावा' असे भरले होते. उसाचा ढीग लागला. इमर्जन्सीची दोरी नेटवर्कवर न ठेवता स्वतंत्र तारेने थेट ड्राइव्हला जोडलेली होती, म्हणून निभावले. अशा कार्डांचे आपले अनुभव वाचायला आवडतील.

रात्रपाळी : आमच्याकडे नेमके उलटे घडले. बॉयलरच्या आयडी फॅनला (धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) संपर्क तुटताच ट्रिप होण्याची सेटिंग होती आणि क्षणभर केबल हलली तरी पंखा बंद पडून बॉयलरही बंद होत असे. त्या पंख्यासाठी शेवटचा वेगच योग्य होता. कॅरियरला जे मारक, ते पंख्याला तारक ठरते.

तेरा ओम : मॉडबस या दुसऱ्या नेटवर्कच्या आरएस-४८५ लाइनवर (दोन तारांची जोडणी) नऊ ड्राइव्ह होते आणि कोणीतरी प्रत्येक कार्डावरचा टर्मिनेशनचा स्विच उत्साहाने चालू करून ठेवला होता. टर्मिनेशनचा हा १२० ओमचा रोध संदेश टोकावरून उलटू नयेत म्हणून फक्त लाइनच्या दोन टोकांना हवा असतो. सगळ्यांचा पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावला, तर ६० ओमच्या जागी १३ दिसले. दोन दिवस आम्ही पीएलसीच्या (यंत्रांना हुकूम देणारा कंट्रोलर) प्रोग्रामला शिव्या देत होतो.

नवशिका : जांभळ्या केबलच्या कनेक्टरवरचा टर्मिनेशनचा तो छोटा स्विच मी मधल्याच ड्राइव्हवर 'ऑन' केला होता. त्याने पुढे जाणारी केबल आतून तोडली जाते, हे मला पुढचे सहा ड्राइव्ह एकदम गायब झाल्यावर कळले.

चाकणकर : ५० हर्ट्झ हवेत म्हणून आमच्या प्रोग्रामरने ५००० हा आकडा पाठवला आणि मोटर जेमतेम १५ हर्ट्झवर फिरू लागली. प्रोफिड्राइव्हमध्ये (ड्राइव्हशी बोलण्याची ठरलेली पद्धत) १०० टक्के म्हणजे १६३८४, हे त्यानंतर कोणी विसरले नाही. आधी ०४७ई (तयार हो) आणि मग ०४७एफ (चालू हो) हे हुकुमाचे आकडे पाठवल्यावर ड्राइव्ह सुरू होतो, हे तर मला घरच्या फोन नंबरापेक्षा पक्के पाठ आहे.

रात्रपाळी : @चाकणकर, फॉल्ट रीसेट केल्यावर पुन्हा ०४७ईवर येऊनच सुरू करावे लागते, हेही सांगा. नुसते ०४७एफ धरून ठेवले तर ड्राइव्ह ढिम्म हलत नाही आणि लोक कार्ड बदलायला निघतात.

पॅनेलवाला : नव्या इथरनेट कार्डांना दोन पोर्ट असल्यामुळे एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर केबल नेता येते आणि वेगळ्या नेटवर्क स्विचचा खर्च वाचतो, हे खरे आहे. पण देखभालीसाठी मधल्या ड्राइव्हचा पुरवठा काढला की त्याचे कार्ड मरते आणि पुढची सगळी रांग आंधळी होते. कंट्रोल बोर्डाला बाहेरून २४ व्होल्ट द्यावेत, किंवा कार्ड व पीएलसी दोन्हींना चालत असेल तर रिंग करावी, म्हणजे शेवटच्या ड्राइव्हची केबल परत सुरुवातीला आणून जोडावी.

धागाकर्ता : @पॅनेलवाला, हे २४ व्होल्ट दरपत्रकातून सर्वांत आधी कापले जातात, हा माझा अनुभव आहे.

कमिशनिंगवाल्याची बायको : मी विषयातली नाही, तरी लिहिते. ह्यांना रात्री दोन वाजता फोन आला आणि हे ओरडले, "काय, अख्खी बस गेली?" सासूबाई दचकून उठल्या आणि एसटीत कोण कोण होते म्हणून रडायला लागल्या. त्यांना समजावण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात तिकडे बस परत आली होती.

पॅनेलवाला : वहिनी, आता रिंगचा जमाना आहे. "रिंग तुटली" असा फोन आला, तर आधी सासूबाईंना तुमच्या हातातली अंगठी दाखवा.