प्रतिसाद: ती फाइल बिघडलेली नाही

मेमरी कार्डावरची मराठी बीआरएफ फाइल (म्हणजे ब्रेलमध्ये रूपांतरित केलेला मजकूर) कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, म्हणजे ती करप्ट झाली, असं इथे कुणीतरी म्हटलंय. उडवू नका ती! ऑर्बिट रीडर २० ला, म्हणजे बोटांनी वाचायच्या ब्रेल यंत्राला, अशीच फाइल लागते. बीआरएफमध्ये ब्रेलच्या सहा टिंबांच्या ६४ जुळण्यांना ६४ साधी चिन्हं ठरलेली असतात, मग भाषा कुठलीही असो. म्हणून भारती ब्रेलमधला (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीतला) ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर एम, आर, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, डब्ल्यू आणि ९ असा दिसतो. बोटांखाली मात्र चोख ‘मराठी’. आमच्याकडे कार्ड ‘साफ’ करून द्यायला बसलेल्या डोळस मंडळींनी अशी पुस्तकंच्या पुस्तकं कचरा समजून घालवलीत.

या फायलींत कॉम्प्युटरवर देवनागरी शब्द टाकून शोध घेता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त फाइलच्या नावावर. यंत्राची ओळ २० घरांची, म्हणजे २० ब्रेल अक्षरांची, तेव्हा ‘नवीन धडा अंतिम’ वगैरे पाल्हाळ नको. आधी क्रमांक, मग विषय, तेही रोमन अक्षरांत. आणि मूळ युनिकोड (साध्या देवनागरीतली) फाइल कॉम्प्युटरवर ठेवाच. बीआरएफवरून उलटं मराठी करायला गेलात तर दुरुस्त्या करता करता जीव मेटाकुटीला येतो.