दिवाळी अंकांची कामं: आधी चित्रकार मित्र जोडावेत की थेट संपादक गाठावा?

कुंचला

नव्या चित्रकाराला सगळे एकच सांगतात: संपादकांना भेटा, प्रकाशकांच्या कचेऱ्या गाठा. माझं मत उलटं आहे. पहिली दोन वर्षं बरोबरीच्या आणि थोड्या पुढे गेलेल्या चित्रकारांत ओळखी करा. काम त्यांच्याकडूनच येतं.

याचं कारण दिवाळी अंकाच्या वेळापत्रकात आहे. कथा हातात पडेपर्यंत बहुतेकदा जुलै उजाडतो आणि चित्रं ऑगस्टअखेर हवी असतात. तोवर नावाजलेले चित्रकार कामात बुडालेले असतात. "आठ दिवसांत सहा कथाचित्रं द्याल का?" असा फोन आला की ते नाही म्हणतात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "मग दुसरं कोण?" तिथे ज्याचं काम पाहिलंय आणि जो वेळ पाळतो, त्याचंच नाव निघतं.

ओळख व्हायची कशी? स्केचिंगच्या गटात जा. 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ २००७ साली गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी सिएटलहून सुरू केली. पुण्या-मुंबईतही तिचे गट आहेत. स्केचिंग संपलं की सगळ्यांच्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवतात. नवखे नेमके तेव्हाच सटकतात, आणि खरं बोलणं त्याच अर्ध्या तासात होतं. एखाद्या वहीपाशी बसून नेमकं विचारा: वॉश (पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ हात) दिल्यावर ही शाई पसरली कशी नाही? कागद किती जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा? "काही काम असेल तर सांगा" हे पहिल्या भेटीत अजिबात नको. आणि एकच गट धरून नियमित जा. पाच गटांत एकेकदा डोकावलं तर तुमचा चेहरा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मांडणीकार

साफ असहमत. नावं अशी मित्रामित्रांत फिरली की अंकात दरवर्षी तेच दहाजण दिसतात, आणि जो त्या वर्तुळात नाही तो कितीही चांगला असला तरी बाहेरच राहतो.

थेट मेल करा, पण नीट करा. अंकाच्या श्रेयनामावलीत संपादक आणि मांडणी करणाऱ्याचं नाव असतं. मेल त्या दोघांच्या नावाने लिहा. 'माननीय महोदय' असं मोघम नको. सोबत एकच पीडीएफ, १० ते १२ चित्रं, ५ एमबीच्या आत, फाइलला तुमचंच नाव. 'पोर्टफोलिओ फायनल २' नावाची फाइल महिन्याभराने कुणालाही शोधून सापडत नाही. ड्राइव्हची लिंक पाठवणार असाल तर दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. परवानगी न दिलेली लिंक आली की संपादक ती मागत बसत नाही, पुढचा मेल उघडतो.

चित्रं कोणती? नटनट्यांची फोटोवरून केलेली पोर्ट्रेट काढून टाका. कथाचित्राला लागतं ते दाखवा: एकच पात्र तीन प्रसंगांत, पण ओळखू येईल असं. एका खोलीत बोलत बसलेली दोन माणसं. एसटी स्टँडवरची गर्दी. निदान चार चित्रं निव्वळ काळ्या रेषेतली, कारण बऱ्याच अंकांची आतली पानं अजूनही एकरंगी छापतात. कॅलेंडरमधल्यासारखी सजलेली खेड्यातली बाई दिसली की चित्रकाराने माणसं पाहिलेली नाहीत हे लगेच कळतं.

मेल मे-जूनमध्ये. सप्टेंबरात आलेली पीडीएफ उघडायलाही कुणाला वेळ नसतो. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी दोन ओळींची आठवण, मग थांबा.

कुंचला

पीडीएफने दार उघडतं हे मान्य. पण ती पीडीएफ चांगली आहे का, हे सांगणार कोण? संपादक फक्त गप्प राहतो. मित्र सांगतो की तुझ्या प्रत्येक चित्रात माणसांचे हात खिशात नाहीतर पाठीमागे आहेत. किंवा ही केसासारखी रेषा स्क्रीनवर नाजूक दिसते, पण हलक्या कागदावर तुटेल. पाठवण्याआधी हे ऐकायला मिळणं कुठल्याही ओळखीपेक्षा मोलाचं.

आणि चित्रकार एका बाजूला, संपादक दुसऱ्या बाजूला असं धरूनच चालू नका. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःच 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला होता. आजही मांडणीच्या टेबलाशी बरेचदा चित्रकारच बसलेला असतो.

रोखठोक

तुम्ही दोघंही पैशावर बोलत नाही आहात. चित्रकार मैत्रीचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच आहे. "बाकीचे याहून कमीत करतात" हे वाक्य प्रत्येकाला वेगवेगळं ऐकवलं जातं, आणि एकमेकांना विचारत नाही म्हणून खपतं. तीन गोष्टी उघड विचाराव्यात: चित्रामागे किती मिळाले, छापून आल्यावर किती दिवसांनी मिळाले, आणि ठरल्या पैशात किती वेळा दुरुस्त्या करून घेतल्या.

करारही एकमेकांना दाखवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' हे शब्द आवर्जून घातलेले असतात. एकट्याने वाचलं तर ते नजरेतून सुटतात.

काम मित्राकडे देताना आधी मित्राला विचारा, मग संपादकाला नंबर द्या. जेवढं पाहिलंय तेवढंच सांगा: "रेषा पक्की आहे, रंगीत काम मी पाहिलेलं नाही." नुसतं नाव सुचवण्याचे पैसे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. स्केच एकाचं आणि रंग दुसऱ्याचा असेल तर वाटणी आणि श्रेय दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मैत्री तुटते ती बहुतेक वेळा इथेच.

बालाघाट

रोखठोक यांना +१. कुंचला यांचं म्हणणं मात्र पुण्या-मुंबईपुरतंच खरं आहे. लातूर, नांदेड, हिंगोलीतल्या मुलाने कुठला रविवारचा गट शोधायचा? त्याच्यासाठी मांडणीकारांचाच रस्ता.

तरी तालुक्याच्या गावातही वर्तुळ असतं, आपण त्याला मोजत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणारे कलाशिक्षक एकमेकांना ओळखतात. शाळांची, स्थानिक प्रकाशनांची कामं त्यांच्या कानावर आधी येतात. आणि गावातला छापखाना. दुपारी काम सैल असताना तिथे जाऊन बसा. कापताना चित्राची कड पांढरी का राहते, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र का लागतं, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट का येतो, हे मशीनमनइतकं नीट कुणी दाखवत नाही. लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतीची पुस्तिका असं पहिलं छापील कामही तिथूनच मिळतं.

रोखठोक

छापखान्याचा मुद्दा पटला. एक भर घालतो, लेखक मित्रांबद्दल. "मी गोष्ट लिहिलीय, तू चित्रं काढ, मग आपण प्रकाशकाकडे जाऊ" म्हणून ३२ पानांचं पुस्तक पूर्ण रंगवून देऊ नका. प्रकाशकाला नुसती गोष्ट आवडली तर चित्रकार तो स्वतः निवडतो, आणि महिन्यांची मेहनत पडून राहते. सगळ्या पानांचा पेन्सिलीतला कच्चा डमी (पुस्तकाचा नमुना) आणि पूर्ण रंगवलेली दोन जोडपानं पुरेत.

मांडणीकार

डमीबद्दल अगदी बरोबर. मूळ मुद्द्यावर मी अजूनही तिथेच आहे: मित्राने सुचवलेल्या माणसाकडूनही मी पीडीएफ मागतोच, आणि निवड तीच पाहून होते. कुंचला, तुमच्या गटातल्या लोकांनी वह्या उघडतात तशा एकमेकांच्या पीडीएफही एप्रिलमध्ये उघडून बसावं. हातांचा तो दोष तिथेच निघाला तर मे महिन्यातली माझी निवड खूप सोपी होईल.