सत्तरचं दशक: सामान्य माणसाला जास्त काय सोसावं लागलं, दुष्काळ-महागाई की आणीबाणी?

माणदेशी
त्या दशकाची गोष्ट सगळे २५ जून १९७५ पासून सुरू करतात. महाराष्ट्राच्या खेड्यात घडी विस्कटली ती १९७२ च्या दुष्काळात. लाखो माणसं, त्यात बायका मोठ्या संख्येने, सरकारी दुष्काळी कामांच्या हजेरीपटावर आली. खडी, नालाबांध, पाझर तलाव. पोटाला मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटपाचा कोरडा पौष्टिक खाऊ). मजुरी मापावर. ओव्हरसियर खड्ड्याची लांबी-रुंदी टेपने घेणार आणि खोली मोजणार मधे सोडलेल्या मातीच्या खुंटावरून. खुंट ढासळला की खोलीचा पुरावा गेला. मुरूम फोडलेला असताना वहीत ‘मऊ माती’ लिहिली की दर उतरला. माप अख्ख्या टोळीचं, म्हणून म्हाताऱ्यांना टोळीत कुणी घेईना. या माणसांना सेन्सॉरशिपने काय फरक पडणार होता?

गिरणगावकर
फरक पडलाच. कामगाराला आणीबाणी पगाराच्या पाकिटात दिसली. किमान बोनस ८.३३ टक्के होता, तो १९७५ च्या वटहुकमाने ४ टक्क्यांवर आणला. एरवी एवढ्यावर गिरण्यांचे भोंगे थांबले असते. पण पुढाऱ्याला मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्याखाली, उचललं तर सभा घेणार कोण, आणि छापणार कुठे? सेन्सॉरशिप ती हीच.

माणदेशी
पगारावर घाला त्याआधीच पडला होता. जुलै १९७४ चा वटहुकूम पाहा: पगारवाढ पूर्ण आणि वाढीव महागाई भत्ता निम्मा, सक्तीच्या ठेवीत. घाऊक भाव वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास चढत असताना! रेल्वे संपही मे १९७४ मध्येच मोडला. आणि आणीबाणी एवढी सोसली, तर १९७७ ला लोकसभेच्या जागा काँग्रेसला उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य आणि इथे ४८ पैकी २०, असं का?

गिरणगावकर
१९७१ ला इथेच ४५ पैकी ४२ होत्या, ते सोडून कसं चालेल? शिक्षक-तलाठ्यांना नसबंदीच्या ‘केसेस’चं उद्दिष्ट होतं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक तर १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

नमुना चार
दोघांचंही रोजगार हमी कायद्याकडे दुर्लक्ष झालंय. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला: मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाही तर दिवसाला किमान १ रुपया भत्ता. निधीसाठी १९७५ पासून व्यवसाय कर, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावची मजुरी. मेख पोचपावतीत होती. अर्ज तोंडी घेतला किंवा पोच दिली नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून?

माणदेशी
पोच मागायची हिंमत मजुराला मोर्च्यांनी दिली, आणि ते मोर्चे १९७२-७३ चे.

गिरणगावकर
आणि १९७५ ते ७७ मध्ये ते मोर्चे का थंडावले, ते सांगा की.