प्रतिसाद : डिझेल इंजिन काढण्याआधी थोडं गणित

शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवली, तर ४०० वॅटच्या सौर पॅनेलवर ३० फुटी बोट दिवसभर ५ नॉट्सने (ताशी ५ सागरी मैल, म्हणजे साधारण ९ किमी) पळेल, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. नाही पळणार हो!

एवढ्या बोटीला सपाट पाण्यात ५ नॉट्सला साधारण ४ किलोवॅट लागतात. ४०० वॅटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला जेमतेम दीड-दोन युनिटं (किलोवॅट-तास) देणार. म्हणजे अर्ध्या तासात खेळ खलास. पण वेग ३ नॉट्सवर आणा, की एका किलोवॅटच्या आत काम भागतं, कारण लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. तेवढ्याच उन्हात मग ५-६ सागरी मैल पदरात पडतात. विजेवर जायचं तर घाई सोडायची तयारी आधी हवी, मोटर नंतर.

सावलीचं कुणीच बोललं नाही. डोलकाठीची किंवा शिडाखालच्या आडव्या दांडीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी अख्ख्या पॅनेलची वीज धपकन उतरते. म्हणून पॅनेलं मागच्या बाजूला कमानीवर, आणि प्रत्येकाला वेगळा चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला साजेशी करून देणारा).

बॅटरी ४८ व्होल्टची, लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम प्रकारातली. १० युनिटांची बॅटरी म्हणजे कामाच्या हिशेबाने तीनेक लिटर डिझेल. हे ऐकून माझाही चेहरा पडला होता! बंदरात शिरण्या-निघण्यापुरती ती भरपूर आहे. उलटा वारा आणि भरतीच्या ओढीत खाडीच्या तोंडाशी अडकलात, तर मात्र नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघावी लागेल.