डबल लेयर डीव्हीडीचा लेयर ब्रेक (पहिला थर संपून दुसरा सुरू होतो ती जागा) कुठे टाकू? मदत हवी आहे
भाऊ लोकांनो, जळगावच्या एका पार्टीला पूर्ण लग्न एकाच डिस्कवर पाहिजे, पेनड्राइव्ह चालत नाही, घरी जुना प्लेअर. साडेसात जीबी, डीव्हीडी प्लस आर डीएल (दोन थरांची डिस्क), इमगबर्न (डिस्क बर्न करायचं सॉफ्टवेअर). पीसीवर झकास चालते पण प्लेअरवर हळदीत नाच रंगात आला की चित्र जे अडकतं ते पुढे सरकतच नाही. स्पीड कमी केला, बुकटाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी खूण) डीव्हीडी रॉम केला, डिस्कची कंपनी बदलली, तेच. ब्रेक सेलच्या (डीव्हीडीतल्या व्हिडिओचा छोटा तुकडा) सुरुवातीलाच अन् पावणेचार ते सव्वाचार जीबीच्या पट्ट्यात पाहिजे हे माहितीय, पण इमगबर्नच्या लिस्टमध्ये ब्रेकला एकच जागा येते, ती पण भर गाण्यात. परत एन्कोडिंग नको. मग नुसता नवीन चॅप्टर टाकून दुसरी जागा मिळेल का, अन् सीमलेस (ब्रेकवर चित्र न थांबता चालू ठेवायची सेटिंग) ठेवू की काढू?