पंधरावी दुरुस्ती १८७० ची, मग १९६५ चा मताधिकार कायदा कशासाठी?

नीलपक्षी:

अमेरिकेतल्या मताधिकाराचा इतिहास वाचताना एका जागी गाडी अडते. पंधरावी घटनादुरुस्ती ३ फेब्रुवारी १८७० ला मंजूर झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कोणाचं मत नाकारायचं नाही, असं तीत स्वच्छ लिहिलंय. मग त्याच गोष्टीसाठी १९६५ मध्ये नवा कायदा का करावा लागला? मधली ९५ वर्षं काय चाललं होतं? पोल टॅक्स आणि साक्षरता चाचणी हे शब्द सगळीकडे दिसतात, पण नोंदणीला गेलेल्या माणसाला नेमकं कुठे आणि कसं अडवायचे, हे कोणी सविस्तर सांगेल का? आणि मतदाराची पात्रता ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाचा, केंद्राचा की राज्यांचा?

कलमदान:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत.

१७८७ च्या मूळ घटनेत मतदार कोण, हे लिहिलेलंच नाही. पहिल्या कलमाच्या दुसऱ्या भागात एवढंच आहे की राज्याच्या विधिमंडळातल्या मोठ्या सभागृहासाठी जो मत देऊ शकतो, तो काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या, प्रतिनिधिगृहासाठीही देऊ शकतो. म्हणजे पात्रता राज्यांनी ठरवायची. राज्यं तेव्हा ती बहुतेक करून जमिनीत मोजत. व्हर्जिनियात ५० एकर मोकळी जमीन लागे, किंवा घरासकट २५ एकर. आणि ते घरही किमान १२ फूट लांब व १२ फूट रुंद हवं. पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्येच जमिनीऐवजी कर भरल्याची अट घातली. व्हरमाँटने दोन्ही अटी ठेवल्या नाहीत. जमिनीची अट एकेका राज्यातून जात जात शेवटी १८५६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून गेली.

पण याच काळात दुसरीकडे उलटं घडत होतं. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट काढली आणि कृष्णवर्णीय पुरुषांवर मात्र २५० डॉलरच्या मालमत्तेची अट कायम ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घातला. ‘मताधिकार हळूहळू वाढत गेला’ असं जे सरसकट लिहिलं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही.

आता पंधराव्या दुरुस्तीची भाषा बघा. ‘प्रत्येक नागरिकाला मताचा हक्क आहे’ असं ती म्हणत नाही. अमुक तीन कारणांवरून मत नाकारू नये, एवढंच म्हणते. सेनेटर हेन्री विल्सन यांनी जन्मस्थान, मालमत्ता, शिक्षण आणि धर्म ही कारणंही त्यात घालायचा प्रस्ताव आणला होता. शेवटच्या मसुद्यात तो टिकला नाही. जी कारणं यादीतून गळली, तीच पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी वापरली.

गोदातीर:

कलमदान यांनी पाया सांगितला, मी नोंदणीच्या टेबलापाशी काय व्हायचं ते सांगतो.

नमुना मिसिसिपीचा, १८९० च्या राज्यघटनेचा. त्यात कृष्णवर्णीयांचं नावही नाही. अटी अशा: राज्यात दोन वर्षं आणि आपल्या मतदान विभागात एक वर्ष राहिलेला असावा, दोन डॉलर पोल टॅक्स भरलेला असावा, आणि राज्यघटनेचं कुठलंही कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा ‘वाजवी अर्थ’ सांगता यावा. ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेला नसावा.

पोल टॅक्स म्हणजे डोईपट्टी. रक्कम लहान दिसते, पण खरी मेख तारखेत आणि थकबाकीत होती. मिसिसिपीत मागच्या दोन वर्षांचे कर निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत भरावे लागत. तेव्हा निवडणुकीचं वारंही सुटलेलं नसे, उमेदवार कोण तेही पुष्कळदा ठरलेलं नसे. नंतर मतदानाच्या दिवशी कर भरल्याचा पुरावा दाखवायचा. पावती हरवली की मत गेलं. वाट्याने शेती करणाऱ्या कुळांचा हिशेब मालकाच्या दुकानात उधारीवर चाले, रोख पैसा हातात फारसा येतच नसे, हेही लक्षात घ्या. अलाबामात १९०१ पासून कर दीड डॉलरच होता, पण साठत जाई. एकविसाव्या वर्षापासून न भरलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी नोंदणीला आला, तर २४ वर्षांचे ३६ डॉलर एकदम. ही साठवण १९५३ मध्ये दोन वर्षांपुरती मर्यादित झाली.

मिसिसिपीच्या घटनेत याच कराबद्दल आणखी एक वाक्य होतं: वसुलीसाठी फौजदारी कारवाई करू नये. कर बुडवणाऱ्याच्या मागे लागायचंच नाही, असं राज्य स्वतःच्या घटनेत लिहून ठेवतं. लोकांनी हा कर भरावा अशी इच्छाच नव्हती, याचा यापेक्षा उघड पुरावा कुठला?

चाचणीत खरी सत्ता प्रश्नपत्रिकेची नव्हती, ती होती समोर बसलेल्या माणसाची. कोणतं कलम द्यायचं ते तो ठरवी आणि उत्तर बरोबर की चूक तेही तोच ठरवी. नगरपालिकेच्या कर्जरोख्यांचं किचकट कलम एकाला मिळे, तर एका ओळीचं सोपं कलम दुसऱ्याला. लुईझियानातल्या एका गोऱ्या अर्जदाराने घटनेच्या कलमाचा अर्थ म्हणून फक्त तीन शब्द लिहिले. उच्चार लिहायचा तर ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’ असा काहीतरी होईल. ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ लिहायचं होतं. तो उत्तीर्ण झाला. हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या निकालपत्राच्या तळटीपेत आहे. त्याच राज्यात अर्जावर स्वतःचं वय वर्षं, महिने आणि दिवस अशा हिशेबाने लिहावं लागे. एका दिवसाची चूक झाली तरी अर्ज बाद करता येई, आणि कोणाची चूक पकडायची ते पुन्हा टेबलामागच्या माणसाच्या हातात.

यावर आणखी थर चढत गेले. मिसिसिपीच्या १९६२ च्या कायद्याने अर्जदाराचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापलं जाई. म्हणजे मालकाला, सावकाराला, घरमालकाला आपोआप कळे की आपल्या माणसाने मताचा अर्ज केलाय. तिथून पुढे अधिकाऱ्याला काही करावं लागत नसे.

नीलपक्षी:

हे भयंकर आहे. पण दोन शंका आहेत. चाचणी कडक म्हटली तर निरक्षर गोरेही अडकायला हवे होते. आणि न्यायालयं काय करत होती?

साक्षेपी:

पहिल्या शंकेचं उत्तर लुईझियानाने १८९८ मध्ये दिलं: ‘आजोबा कलम’. १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी जो मत देऊ शकत होता, त्याला, त्याच्या मुलांना आणि नातवांना चाचणी व मालमत्तेची अट लागू नाही. तारीख मुद्दाम निवडलेली. दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं ते यादवी युद्धानंतर काँग्रेसने केलेल्या मार्च १८६७ च्या पुनर्रचना कायद्याने. म्हणजे ज्याचा आजोबा गुलाम होता तो बाहेर, बाकी आत. परिणाम आकड्यांत बघा. लुईझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये ५,३२० उरले आणि १९०४ मध्ये १,३४२.

तरीही बरेच गरीब गोरे पोल टॅक्समुळे गळाले, हेही नोंदवायला हवं. ज्यांनी हे कायदे केले त्यांना त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण गरीब गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र येऊन विरोधी पक्षाला मत देतील ही भीती त्यांना होतीच.

न्यायालयाचं म्हणाल तर १८९८ च्या विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कायद्यात वंशाचा उल्लेख नाही, सबब तो वैध. पुढे निकाल बाजूने लागले तेव्हाही राज्यं एक पाऊल पुढे असत. ओक्लाहोमाचं आजोबा कलम १९१५ मध्ये रद्द झालं. लगेच १९१६ मध्ये नवा कायदा आला: १९१४ ला ज्यांनी मत दिलं ते आपोआप यादीत, बाकीच्यांनी ३० एप्रिल ते ११ मे या बारा दिवसांत नोंदणी करावी, नाहीतर कायमचे बाहेर. ही बारा दिवसांची खिडकी रद्द व्हायला १९३९ उजाडलं. एका बनावासाठी २३ वर्षं.

टेक्सासची गोष्ट तशीच. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, जिंकली की निवडणूक जिंकल्यात जमा असे, म्हणून प्रायमरीच फक्त गोऱ्यांसाठी ठेवली. १९२७ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. राज्याने तो अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीकडे दिला. १९३२ मध्ये तेही रद्द झालं. मग पक्षाच्या अधिवेशनानेच ठराव केला आणि १९३५ मध्ये न्यायालयाने तो खाजगी संस्थेचा निर्णय म्हणून चालवून घेतला. शेवटी १९४४ च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट निकालाने हा मार्ग बंद झाला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातून निघतं. अलाबामातल्या सेल्मा शहराच्या डॅलस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. केंद्र सरकारने चार वर्षं खटले लढवल्यावर नोंदणी १५६ वरून ३८३ वर गेली. एकेक काउंटी, एकेक अधिकारी, एकेक खटला या वेगाने हे कधीच संपलं नसतं. ६ ऑगस्ट १९६५ च्या कायद्याने हा क्रमच उलटा केला. १ नोव्हेंबर १९६४ ला जिथे चाचणी लागू होती आणि मतदानाच्या वयाच्या निम्म्याहून कमी लोकांनी नोंदणी किंवा मतदान केलं होतं, तिथली चाचणी आपोआप स्थगित. कुणाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज नाही. शिवाय केंद्राचे अधिकारी जाऊन थेट नोंदणी करू शकत. आणि पाचव्या कलमाप्रमाणे अशा ठिकाणी निवडणुकीच्या नियमात बदल करायचा असेल, मतदान केंद्र हलवणंसुद्धा, तर आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. सिद्ध करण्याचं ओझं मतदारावरून उचलून राज्यावर टाकलं, हा या कायद्याचा गाभा. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने कोणत्या भागांना परवानगी लागेल हे ठरवणारं सूत्र रद्द केलं, त्यामुळे पाचवं कलम आज कायद्यात आहे पण ते लागू होईल अशी जागा उरलेली नाही.

मृण्मयी:

वरच्या चर्चेत एक दुरुस्ती सुचवते. साक्षरता चाचणी दक्षिणेत जन्मली नाही. कनेक्टिकटने १८५५ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १८५७ मध्ये ती आणली, मुख्यतः आयरिश स्थलांतरितांना डोळ्यांपुढे ठेवून. आणि १९५९ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी मुळात वैध ठरवली होती. देशभर ती थांबली १९७० मध्ये, कायमची बंद झाली १९७५ मध्ये.

स्त्रियांबद्दल कोणीच लिहिलं नाही. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेले ‘सर्व रहिवासी’ मतदार होते, आणि १७९० च्या निवडणूक कायद्यात तर ‘तो किंवा ती’ अशी शब्दयोजना होती. अविवाहित आणि विधवा स्त्रिया तिथे खरोखर मत देत. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती बाहेर. १८०७ मध्ये राज्याने हा हक्क काढून घेतला.

कलमदान यांच्या मुद्द्याला सगळ्यात बळकट पुरावा मात्र १८७५ चा आहे. सेंट लुईसच्या व्हर्जिनिया मायनर यांना नोंदणी नाकारली गेली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नव्हता, म्हणून नवऱ्याला सोबत घेऊन त्या न्यायालयात गेल्या. न्यायालय एकमताने म्हणालं: तुम्ही नागरिक आहात, पण नागरिकत्वासोबत मत येत नाही. हे वाक्य डोक्यात ठेवून पुढच्या सगळ्या दुरुस्त्या वाचाव्यात.

१९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीनंतरही जॉर्जिया आणि मिसिसिपीने त्या नोव्हेंबरात स्त्रियांना मत देऊ दिलं नाही. कारण? दुरुस्ती ऑगस्टमध्ये झाली, आणि नोंदणीची मुदत कित्येक महिने आधीच संपली होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना तर पुढे पोल टॅक्स आणि चाचणी होतीच.

आणि नागरिकत्वाचं दारही बघा. १७९० च्या कायद्यात फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होता येई. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय गोरे नाहीत असं ठरलं आणि मिळालेली नागरिकत्वं रद्द होऊ लागली. भारतीयांना ते दार १९४६ मध्ये उघडलं. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर निवडून आले.

नीलपक्षी:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एकच विचारतो. गोदातीर, तुम्ही ‘ठरावीक गुन्हे’ म्हणालात. ते कुठले? आणि ती अट गेली का?

गोदातीर:

नाही, गेली नाही. हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो. दुसऱ्या टोकाला मिसिसिपी. १८९० ची यादी अशी: लाचखोरी, घरफोडी, चोरी, जाळपोळ, फसवून पैसे किंवा माल घेणं, खोटी साक्ष, बनावट दस्तऐवज, अफरातफर, दोन लग्नं. यात खून नाही, बलात्कार नाही. मिसिसिपीच्याच सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये उघड लिहिलं की कृष्णवर्णीयांकडून जे गुन्हे जास्त होतात असं घटना करणाऱ्यांना वाटत होतं, ते निवडून ही यादी केली. घरफोडी १९५० मध्ये यादीतून निघाली, खून आणि बलात्कार १९६८ मध्ये आले, बाकी यादी तीच. गेलेलं मत परत मिळवायचा तिथला नेहमीचा मार्ग म्हणजे राज्यपालांची माफी, नाहीतर विधिमंडळ. विधिमंडळाकडे गेलं तर त्या एका माणसाच्या नावाचं स्वतंत्र विधेयक आणायचं, आणि ते दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हावं लागतं.